करून पाहू या : पोटात पपई असलेली बिस्किटे



दिवाळी जवळ आली की आम्ही वर्गात एक तास गप्पांचा ठेवतो. या वेळी मी चौथीच्या मुलांना विचारले, "बिस्किटात आणि बनपावात ते लाल-हिरवे चौकोनी तुकडे असतात ना, ते कशाचे असतात?"

हात भराभर वर झाले. "गुरुजी, चेरीचे!" "जेलीचे!" "गोळ्या फोडून टाकतात!" मागच्या बाकावरचा एक तर म्हणाला, "प्लास्टिकचे असतील, मी काढून टाकतो!" सगळा वर्ग खो खो हसला.

मी खिडकीबाहेर बोट दाखवले. आमची शाळा शहादा तालुक्यातली. शाळेच्या कुंपणापलीकडे पपईची बाग आहे. शरद ऋतूत प्रत्येक झाडाच्या गळ्यात हिरव्यागार पपयांची माळ लटकलेली असते. "ते बघा, तुमचे लाल-हिरवे तुकडे तिथे लागले आहेत," मी म्हणालो.

कुणाचाही विश्वास बसेना. तुमचाही बसत नाही ना? पण ही गोष्ट खरी आहे. त्या तुकड्यांना टुटी-फ्रूटी म्हणतात. शब्द इटालियन आहे, अर्थ 'सगळी फळे'. आपल्याकडच्या टुटी-फ्रूटीत मात्र सगळी फळे नसतात, बहुतेक वेळा एकच असते, कच्ची पपई! आपला नंदुरबार जिल्हा पपईसाठी प्रसिद्ध. इथली पपई ट्रकमध्ये बसून दूरदूरच्या शहरांत जाते. आणि आपण मात्र तिचेच तुकडे बिस्किटातून वेचून फेकतो!

मग ठरले. रविवारी सहा मुले माझ्या घरी येणार आणि आम्ही पोटात पपई असलेली बिस्किटे करणार. "गुरुजी, तुम्हाला येतात?" एकाने विचारले. "येत नाहीत, म्हणून तर करायची," मी म्हटले.

खरे सांगतो, आदल्या दिवशी मी गुपचूप एकदा करून पाहिले होते. पपई घेतली ती जरा पिवळसर झालेली. पाकात टाकली आणि दहा मिनिटांत तिचा शिरा झाला! घरची मंडळी पोट धरून हसली. शिरा मात्र सगळ्यांनी खाल्ला.

रविवारी ही फजिती मी मुलांना सांगितली. तेव्हा एक मुलगी हळूच पुढे आली. वर्गात ती फारशी बोलत नाही. तिची आई पपईच्या तोडणीला जाते. ती म्हणाली, "गुरुजी, सालीला नखाने ओरखडा काढून बघायचा. चीक दुधासारखा पांढरा आला तर पपई कच्ची. पाण्यासारखा आला तर पिकायला लागली." आणि लगेच पुढे, "हाताला आधी तेल लावा. चीक लागला की हात चरचरतो. आईचे हात सोलतात त्याने."

मी डीएड केले, पुस्तके वाचली, पण हे मला माहीत नव्हते. त्या दिवशी गुरुजी ती होती, मी विद्यार्थी.

तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचे द्रव्य असते. ते प्रथिने तोडते. म्हणून मांस लवकर शिजावे यासाठी त्याला कच्ची पपई चोळतात. आपल्या हाताच्या कातडीतही प्रथिनेच आहेत, तेव्हा चीक तिलाही सोडत नाही.

आता वही-पेन घ्या. एक महत्त्वाची सूचना आधीच सांगतो. सुरी, उकळता पाक आणि तापलेली कढई ही कामे मोठ्या माणसांनीच करायची. पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा जास्त भाजतो, कारण तो चिकटून बसतो.

पहिला भाग : टुटी-फ्रूटी

साहित्य : कच्च्या पपईचे सोललेले तुकडे अर्धा किलो, साखर 400 ग्रॅम, पाणी दीड वाटी, खायचा चुना पाव चमचा, बिटाचा रस, चिमूटभर हळद.

हाताला तेल लावून पपई सोला. बिया आणि आतला पांढरा गर काढून टाका. हरभऱ्याएवढे चौकोनी तुकडे करा. एक लिटर पाण्यात चुना ढवळून तसाच ठेवा. चुना खाली बसला की वरचे नितळ पाणी, म्हणजे निवळी, ओतून घ्या. या निवळीत तुकडे अर्धा तास भिजवा. मग चांगल्या पाण्याने तीन-चार वेळा खळखळून धुवा.

चुना कशाला? पपईत पेक्टिन नावाचे द्रव्य असते. चुन्यातले कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवते. त्यामुळे तुकडे शिजले तरी मोडत नाहीत. आग्र्याचा पेठा कोहळ्याचा करतात, तेव्हाही हीच युक्ती वापरतात.

आता तुकडे साध्या पाण्यात पाच मिनिटे उकळा आणि चाळणीत निथळत ठेवा. साखर आणि दीड वाटी पाणी यांचा पाक उकळला की त्यात तुकडे सोडा. मंद आचेवर शिजू द्या. तुकडे काचेसारखे दिसू लागले आणि पाकाला एक तार आली की उतरवा. तीन वाट्यांत वाटून घ्या. एकीत बिटाचा रस, दुसरीत हळद, तिसरी तशीच. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पाक निथळून काढा आणि तुकडे ताटात पसरून, वर पातळ कापड टाकून वाळवा. ऑक्टोबर हीटला आपण नावे ठेवतो, पण इथे तीच कामाला येते! दीड-दोन दिवसांत तुकडे कोरडे होतात. उरलेला पाक टाकू नका, त्याचे सरबत करा.

आता विचार करा. कापलेली पपई एका दिवसात खराब होते, मग हे तुकडे कसे टिकतात? साखर तुकड्यातले पाणी ओढून घेते. जंतूंना जगायला पाणी लागते, आणि तेच त्यांना मिळत नाही. आजीचा मोरावळा वर्षभर टिकतो तोही याच कारणाने.

दुसरा भाग : बिस्किटे

साहित्य : मैदा 2 वाट्या, बेसन 2 चमचे, पिठीसाखर पाऊण वाटी, थिजलेले तूप 1 वाटी, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, वेलची, चिमूटभर मीठ. सारणाला अर्धी वाटी टुटी-फ्रूटी आणि भाजलेले सुके खोबरे 2 चमचे.

तूप आणि पिठीसाखर हाताने फेसा. रंग पांढरा होईपर्यंत फेसायचे बरं का, हे काम मुलांचे! मग मैदा, बेसन, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलची चाळून मिसळा. गोळा जमेल इतकेच मळा. पोळीच्या कणकेसारखे तिंबत बसलात तर बिस्किट खुसखुशीत होत नाही, चिवट होते.

लिंबाएवढा गोळा घ्या. पुरणपोळीला करतो तशी वाटी करा, आत चिमूटभर सारण भरा आणि तोंड बंद करून हलकेच चपटे करा. सारण कोरडे हवे. ओले असले तर बिस्किट फुटून पाक बाहेर येतो.

"गुरुजी, पपईऐवजी सीताफळ भरू?" एकाने विचारले. प्रश्न चांगला होता, कारण या दिवसांत सातपुड्यातून सीताफळांच्या टोपल्या बाजारात येतात. पण सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. ते तसेच खावे.

ओव्हन नाही? आमच्याकडेही नाही. जाड बुडाच्या लोखंडी कढईत इंचभर बारीक मीठ पसरा. वर एक रिंगण ठेवा. झाकण घालून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवा. तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटे अंतर सोडून मांडा, ताटली रिंगणावर ठेवा, झाकण घाला आणि आच मंद करा. 20 ते 25 मिनिटांनी एक बिस्किट उलटून पाहा. खालून बदामी झाले की उतरवा. वरून मऊ लागले तरी घाबरू नका, गार झाल्यावर ते कडक होते. आमच्या पहिल्या घाणीच्या वेळी मी घाबरलो, आणखी दहा मिनिटे ठेवली, आणि आठ बिस्किटे काळी कुळकुळीत झाली.

हे बिस्किट म्हणजे आपल्या नानखटाईचेच भावंड आहे. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी. नानखटाईसाठी सुरत शहर प्रसिद्ध आहे, आणि सुरत आपल्याला काही लांब नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आपल्या नंदुरबारातूनच जातो. त्याच मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत! तुमच्या आईबाबांना विचारा. दिवाळीआधी घरून रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत रांग लावायची आणि रात्री गरम नानखटाईचा डबा घेऊन परत यायचे, हे त्यांना नक्की आठवत असेल.

बिस्किटे गार झाली. वाटणी झाली. प्रत्येकाला तीन-तीन आली. पाच जणांनी तिथेच फस्त केली. त्या मुलीने मात्र आपली तीन कागदात बांधली आणि विचारले, "गुरुजी, ही होळीपर्यंत टिकतील?"

बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. मला ठाऊक होते, ती असे का विचारते आहे. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरे अशी जातात. दरवर्षी दुसऱ्या सत्रात माझ्या वर्गातल्या काही जागा रिकाम्या असतात.

मी तिला खरे तेच सांगितले. बिस्किटे कोरड्या डब्यात पंधरा दिवस टिकतील, होळीपर्यंत नाही. पण वर्गातली तुझी जागा टिकेल. आणि शाळा सुटायलाच हवी असेही नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आईवडिलांशी बोललो. पालकहो, तुम्हीही ऐकून ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून कुणी अडवू शकत नाही. गावाबाहेर जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कितवीत आहे, काय शिकले आहे, ते त्यावर लिहिलेले असते. मूल आजी-आजोबांपाशी गावातच राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा.

तिची आजी घरी आहे. आईवडील म्हणाले, "विचार करतो, गुरुजी." अजून त्यांचा विचार चालू आहे. काय ठरले ते दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की कळेल. टुटी-फ्रूटीची एक लहान बरणी मी मागे ठेवली आहे. ती राहिली, तर दुसरी घाणी तिच्याच हातची होईल, आणि पपई कच्ची आहे की नाही ते तीच सांगेल.

तर मित्रांनो, तुम्ही करून बघा. जळली तर किती जळली तेही लपवू नका. आणि हो, तुमच्याही वर्गात दिवाळीनंतर कुणाची जागा रिकामी होत असेल, तर पहिले बिस्किट त्याला द्या.

तुमचेच,
गुरुजी