पगार सोडून ‘लाइन’वर?

“ताई, आमचे मालक एसटी सोडायचं म्हणत्यात. ट्रकवर जातो म्हणत्यात, लाइनवर. काय सांगू त्यांना?” तासगावजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बैठकीत मागच्या महिन्यात एकीनं मला विचारलं आणि गटाचा हिशेब बाजूलाच राहिला. कारण बोलता बोलता कळलं, की तिथल्या सोळाजणींपैकी चौघींच्या घरात सध्या हाच विषय चाललाय. एकीचा नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कायम आहे, एकीचा दीर साखर कारखान्यात. सगळ्यांची महिन्याला पगार येणारी नोकरी, आणि सगळ्यांना ती नकोशी झालेली.

‘लाइन’ म्हणजे आमच्या भागात लांब पल्ल्याची मालवाहतूक. उसाच्या ट्रॅक्टरवरचा माणूस रात्री उशिरा का होईना, घरी येतो. लाइनवरचा माणूस तासगाव-पलूसची द्राक्षं घेऊन दिल्लीला, कोलकात्याला जातो, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद किंवा बेदाणा भरतो, नाहीतर लोणंदचा कांदा. जाताना दीड-दोन हजार किलोमीटर, आणि परतीचा माल मिळेल तेव्हा परत. तो कधी मिळेल हे त्याच्याही हातात नसतं.

एसटीतल्या माणसाच्या डोक्यात हे खूळ शिरलं कुठून? खरं तर खूळ म्हणू नये. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत विलीनीकरणासाठी एसटीचा संप चालला. पगार बंद, दुकानाची उधारी वाढलेली. आणि जानेवारी ते एप्रिल हा नेमका आमच्याकडचा द्राक्षांचा हंगाम. अवजड वाहनाचा परवाना खिशात होताच. या बाईंचे मालक ओळखीच्या एका गाडीमालकाकडं गेले, तीन-चार खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेला रोख पैसे घेऊन आले. ते पैसे त्यांच्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. पुढं संप मिटला, ते कामावर हजर झाले. संपाच्या काळात सरकारनं मूळ वेतनात सेवाकाळानुसार अडीच ते पाच हजारांची वाढ दिली होती. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरसकट ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये मार्चचा पगार आधी ५६ टक्केच जमा झाला, उरलेला मागाहून. ‘पक्की नोकरी म्हणजे तरी काय मग?’ असं नवऱ्यानं विचारलं तर बायकोनं काय उत्तर द्यायचं?

दुसऱ्या बाजूला ट्रान्सपोर्टवाले ओरडतायत, की गाड्या उभ्या आहेत आणि ड्रायव्हर मिळत नाहीत. चांगल्या ड्रायव्हरला आता मान आहे, पैसा आहे, नव्या गाड्यांना एसी केबिन आहे, असं ऐकायला येतं. यातलं केबिनचं खरं आहे. मोठ्या मालट्रकना वातानुकूलित केबिनची सक्ती करणारी अधिसूचना २०२३ च्या डिसेंबरमध्ये निघाली आणि २०२५ मध्ये नव्यानं तयार होणाऱ्या गाड्यांना ती लागू झाली. पण आपल्या माणसाच्या वाट्याला येणारी गाडी बहुतेक वेळा जुनी असते, आणि मे महिन्यात नागपूरच्या पुढं तिची केबिन कशी तापते हे तिथं बसलेल्यालाच ठाऊक.

ड्रायव्हर मिळत नाहीत याचं कारण ड्रायव्हरांनीच सांगून ठेवलंय. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’नं २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत हजारावर ट्रकचालकांची पाहणी केली. आपल्या घरच्यांना किंवा नातेवाइकांना या धंद्यात यायला सांगाल का, या प्रश्नाला ८४ टक्के चालकांनी ‘नाही’ म्हटलं. थकवा आला, डोळ्यांवर झोप आली तरी गाडी चालवतो, असं जवळपास निम्म्यांनी कबूल केलं. आमच्या द्राक्षांच्या गाडीचं तर काय सांगावं! नाशवंत माल, वेळेत पोचला नाही तर भाड्याला कात्री. थांबायची सोयच नाही.

त्यात २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांतला चक्काजाम आठवा. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या म्हणून आपण सगळ्या वैतागलो होतो. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, त्याविरुद्ध ते आंदोलन होतं. वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करूनच हे कलम लागू करू, असं केंद्रानं सांगितलं आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं कलम बाजूला ठेवलं. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण परक्या गावात जमावाच्या तावडीत सापडायची भीती खोटी नाही, एवढं मात्र मला त्या दिवसांत ड्रायव्हरांच्या बायकांशी बोलताना कळलं.

आता पैशाचं. बैठकीत मी विचारलं, “खेपेला किती आणले ते सांगितलंत. महिन्याचे किती झाले?” कुणालाच सांगता येईना. मला वाटतं सगळी फसगत इथंच होते. पगार महिन्याचा असतो आणि खेपेचे पैसे खेपेचे. द्राक्षांच्या दिवसांत खेपा लागोपाठ लागतात, त्यांच्यावरून वर्षाचा हिशेब मांडला तर तो चुकणारच. पावसाळ्यात गाडी दारात उभी राहते. वाटेतलं जेवण, आंघोळीचे पैसे, मोबाइल, चहा-तंबाखू हे सगळं त्याच रोकडीतून जातं. घरी पोचते ती रक्कम आणि ‘मिळाले’ म्हणून सांगितलेली रक्कम यांच्यातला फरक फक्त स्वयंपाकघरातल्या डब्याला कळतो. म्हणून त्या बाईंना म्हटलं, संपातल्या त्या खेपांचे पैसे घरात नेमके किती आले आणि किती दिवसांचे, ते आठवून वहीत लिहा, आणि त्याला सहानं नव्हे, बारानं भागायचं.

स्वतःची गाडी घ्यायची असेल तर गणित आणखी निराळं. हप्ता दर महिन्याला, भाडं मात्र हुंडेकऱ्याच्या मर्जीनं. डिझेल, टोल, टायर, विमा, पासिंग, नॅशनल परमिट हे आधी, घर नंतर. पुण्याकडं जाताना तासवडे आणि आनेवाडी हे दोन टोल तर सातारा जिल्ह्यातच लागतात. परतीचा माल मिळाला नाही की कमावलेलं डिझेलच्या टाकीत. आणि पहिल्या हप्त्याची भरणी कुठून करणार? तर राजीनामा दिल्यावर मिळणाऱ्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून! म्हातारपणाची पुंजी टायरला लावायची. उरलेल्या कर्जाला जामीनदार म्हणून सही कोण करतं, हे वाचकांना सांगायला नको.

नोकरीबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती पगाराच्या चिठ्ठीवर छापलेली नसते. एसटीचा माणूस कामावर असताना दगावला तर अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरी मिळण्याची वाट तरी असते. आणि त्याच्या ड्युटीचा तक्ता असतो. मुक्कामाची गाडी असली तरी परवा दुपारी घरी येणार हे बायकोला माहीत असतं. त्या तक्त्यावर तिची सगळी कामं बसलेली असतात. सासऱ्यांना मिरजेला दवाखान्यात न्यायचं, सोसायटीचं कर्ज भरायचं, मुलाच्या शाळेत जायचं, रात्रीच्या विजेवर द्राक्षबागेला पाणी सोडायचं. तो लाइनवर गेला की यातलं एकही काम थांबत नाही, फक्त करणारं माणूस बदलतं. हे वाढलेलं काम खेपेच्या पैशातून कुणी वजा करतं का?

बाप्या बाहेर आणि बाई घरी, हे आपल्याकडं नवं नाही म्हणा. साताऱ्याचे फौजी आहेत, विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, पाटण-जावळीची माणसं मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहायला गेली. पण फौजीच्या बायकोला पेन्शन आहे. माथाडी कामगारासाठी पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी लढा उभारला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्यातून मंडळं आली, भविष्यनिर्वाह निधी आला, ग्रॅच्युइटी आली. मला नेहमी याचं नवल वाटतं. ट्रकमध्ये पोती चढवणाऱ्या माणसासाठी या राज्यानं पन्नासएक वर्षांपूर्वी कायदा केला, आणि तीच पोती घेऊन दोन हजार किलोमीटर जाणाऱ्या माणसासाठी असं मंडळ झालं नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं सगळं लिहिलेलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. आपल्याकडं तर एका मालकाच्या एक-दोन गाड्या. म्हणजे ज्यांना गरज होती तेच बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत गेला. एका गाडीवरच्या ड्रायव्हरला त्यातून काय मिळतं, ते आता विचारत राहिलं पाहिजे.

मग कुणी जाऊच नये का? असं म्हणणार नाही. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याच्या पदवीधर. नवरा अपघातात गेल्यावर पदरात दोन मुलं होती. वकिलीत जम बसायला वर्षं लागली असती, ट्रकवर पैसे लगेच मिळत होते, म्हणून भोपाळहून त्या स्वतः ट्रक चालवू लागल्या आणि त्यावर मुलं वाढवली. त्यांचा निर्णय मला पटतो, कारण कुठल्या अडचणीसाठी ट्रक हवा आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आमच्या बैठकीतल्या एकीच्या घरी लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी दोन वर्षं जास्त पैसे हवेत. दुसरीकडं मात्र साहेबाशी भांडण झालंय एवढंच. या दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

एक गोष्ट सगळ्यांसमोर कुणी बोललं नाही. उठताना एकीनं बाजूला घेऊन विचारलं, “तसलं काही...?” नव्वदच्या दशकात एड्सच्या पोस्टरवर ड्रायव्हरच खलनायक होता आणि शिक्षा त्याच्या बायकोलाही झाली. तेव्हापासून, म्हणजे १९९२ पासून, सांगलीत ‘संग्राम’ संस्था या प्रश्नावर काम करते आहे. प्रत्येक ड्रायव्हरवर संशय घेणं अन्यायाचं आहे. पण तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात आणि नवऱ्याशी हे बोलण्यात लाजण्यासारखं काही नाही, एवढं तिला सांगितलं.

आणि विम्याचं. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँकेत आहे, ती आजच घ्या. दुसऱ्याच्या गाडीवर जाणार असतील, तर गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचा विमा भरलाय का ते मालकाला विचारा आणि पॉलिसीची झेरॉक्स घरी ठेवा. स्वतःची गाडी घेतली तर ती बायकोच्या नावावर करावी, असं मी एरवी म्हटलं असतं. इथं एक मेख आहे. मालक-चालकासाठीचं पंधरा लाखांचं सक्तीचं अपघाती संरक्षण आरसी बुकावर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडं परवाना आहे, त्यालाच मिळतं. गाडी तिच्या नावावर आणि स्टिअरिंगवर तो, असं असेल तर त्याच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल. एजंट हे आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं.