गाळलेले नागपूर

आम्ही खारघरकर कोकणात निघालो, की तिकीट दादरचे असले तरी पनवेललाच गाडीत चढतो. रेल्वेला आगाऊ कळवले, की चढायचे स्टेशन बदलून मिळते. यष्टीचा कंडक्टर तर तेवढेही विचारीत नाही. पैसे भरलेत ना, मग बसा! अशा संस्कारात ज्याचे केस पिकले, त्याने विमानाचे तिकीट जरा जपूनच काढावे.

गेल्या हिवाळ्यात लंडनला लेकीचे पहिले बाळंतपण होते. हिला तारखेच्या आठ दिवस आधी तिथे पोहोचायचे होते. वाटेत नागपूरला भाच्याचे लग्न होते, म्हणून मी दोघांचे नागपूर–मुंबई–लंडन असे जाण्यायेण्याचे एकच तिकीट काढले. गंमत म्हणजे ते नुसत्या मुंबई–लंडनपेक्षा स्वस्त पडले! ही हुशारी मी सोसायटीच्या कट्ट्यावर दोन दिवस सांगत होतो.

पुढे वधूकडे सुतक आले आणि लग्न लांबले. आता खारघरहून नागपूरला जायचे ते पुन्हा मुंबईला यायला? (८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आमच्या अंगणातच आहे, पण आमचे विमान सहारचे.)

"अहो, एकदा कंपनीला विचारा तरी," ही म्हणाली.

"अगं, दोन खुर्च्या आपण त्यांना फुकट सोडतोय. उलट तेच आभार मानतील!"

रात्री डिंकाचे लाडू, बाळंतविडा, लोणच्याच्या बरण्या घेऊन काउंटरवर उभे राहिलो. मुलगी बिचारी सभ्य होती. पडद्याकडे पाहत म्हणाली, "काका, तुम्ही नागपूरला चढला नाहीत ना? पुढचे सगळे रद्द झाले आहे."

"आणि परतीचे?"

"तेही."

मग कळले ते असे. विमानाचे भाडे टप्प्याटप्प्यांची बेरीज नसते. नागपूर ते लंडन हा एक सौदा, मुंबई ते लंडन हा दुसरा. जिथे चढाओढ अधिक तिथे लांबचा प्रवासही स्वस्त मिळतो. लोकांनी स्वस्त तिकीट घेऊन सोयीचा तुकडा तेवढा वापरू नये, म्हणून टप्पे क्रमानेच वापरायचे अशी अट असते. पहिला मणी गळला, की माळच ओघळते. शेवटचा टप्पा गाळला तर पुढे रद्द होण्यासारखे काही उरत नाही, पण सामान मात्र तिकिटावरच्या शेवटच्या गावी जाते. लुफ्तान्साने तर २०१६ साली फ्रँकफर्ट–ओस्लो हा शेवटचा टप्पा गाळणाऱ्या एका प्रवाशावर दोन हजारांहून अधिक युरोंचा दावा लावला होता. बर्लिनच्या न्यायालयाने तो डिसेंबर २०१८ मध्ये फेटाळला. माझ्याजवळ ना बर्लिन, ना वकील.

चार दिवस आधी फोन केला असता, तर कंपनीने कदाचित भाड्यातला फरक घेऊन तिकीट नव्याने करून दिले असते. ऐनवेळच्या दोन तिकिटांचा आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. परवडणार होते एकच, आणि तेही तिसऱ्या दिवसाचे.

ही उभ्या आयुष्यात एकटी पुण्यापलीकडे गेलेली नाही. गेली. आत शिरताना वळून एवढेच म्हणाली, "गॅस बंद करत जा." ती पोहोचली तेव्हा नातू एक दिवसाचा झाला होता. लेक त्या रात्री इस्पितळात आईवाचून होती. तिने मला शब्दानेही दुखवले नाही, ते फार लागले. मी नातवाला फोनच्या पडद्यावर पाहिले, डोळे मिटलेले.

न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाची फी परत मिळते, तसा विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे. अर्ज केला, थोडे पैसे आले. ते हिच्या हाती दिले.

आता भाच्याचे लग्न पुन्हा ठरले आहे. या खेपेला तिकिटे हिने काढली आहेत, विदर्भ एक्स्प्रेसची. सीएसएमटीपासूनची, आणि चढायचेही सीएसएमटीलाच. ठाण्याचे नाव काढायचे नाही, असे मला बजावण्यात आले आहे.