दहा वर्षांचा ‘राजा’!

दोस्तांनो, मुलगी कधी राजा होते का? पोलंडमध्ये झाली होती! १६ ऑक्टोबर १३८४ रोजी क्राकूव्ह शहरात यादविगा या राजकन्येला राज्याभिषेक झाला, तोही ‘राणी’ नव्हे, ‘राजा’ म्हणून! राज्य तिचंच, हे सर्वांना कळायला हवं होतं ना! वय अवघं दहा.

राज्य तिचं, पण लग्न? ते मोठ्यांच्या हातात. चौथ्या वर्षीच ऑस्ट्रियाच्या विल्हेल्मशी तिचं लग्न ठरलं होतं. सरदारांनी ते मोडलं. त्यांना शेजारच्या लिथुआनियाचा सत्ताधीश योगाइला हवा होता. ट्यूटॉनिक सरदार दोन्ही देशांचे शत्रू. दोघं एक झाले, तर बळ वाढणार! असं सांगतात, की विल्हेल्मकडे जायला यादविगाने किल्ल्याच्या बंद दारावर कुऱ्हाड उगारली. पण दार काही उघडलं नाही.

फेब्रुवारी १३८६ मध्ये योगाइला ख्रिस्ती झाला आणि त्याच आठवड्यात लग्न लागलं. नवरा वयाने कितीतरी मोठा. नवरी बारा वर्षांची, म्हणजे सातवीतल्या मुलीएवढी! दोन्ही देशांची मैत्री मात्र पुढे सुमारे चारशे वर्षं टिकली.

१३९९ मध्ये बाळंतपणानंतर यादविगा वारली. तान्ही लेकही वाचली नाही. आपले दागिने तिने क्राकूव्हच्या बंद पडलेल्या विद्यापीठासाठी ठेवले होते. १४०० मध्ये ते पुन्हा सुरू झालं. पुढे तिथेच एक विद्यार्थी शिकला. त्याचं नाव कोपर्निकस!

आणि यादविगाच्या थडग्यात काय ठेवलं होतं, ठाऊक आहे? सोन्याचा नव्हे, मुलामा दिलेला लाकडी राजदंड!