झाकली मूठ, पण कोणापासून?

दर वर्षी नवे वर्ष लागले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येते. भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या, एवढीच ती बातमी. बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून पुढे राशिभविष्याकडे जाते. मला मात्र ही बातमी दर वर्षी विचारात पाडते.

यामागचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला झाला. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो तेव्हा पंतप्रधान होते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि ती कुठे आहेत हे कळावे म्हणून दर १ जानेवारीला अक्षांश-रेखांशांसह यादी द्यायची, असे ठरले. पहिली यादी १९९२ साली दिली गेली. पुढे १९९९ साली कारगिल झाले. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा उभ्या राहिल्या, तरी १ जानेवारी २००२ ला याद्या गेल्याच. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबई रक्तबंबाळ झाली, मे २०२५ मध्ये क्षेपणास्त्रे सुटली, पण क्रम मोडला नाही. २०२६ सालची यादी पस्तिसावी होती.

या शहाणपणाचे मला मनापासून कौतुक वाटते. काही गोष्टी वैऱ्यालाही सांगितल्याने आपली सुरक्षितता वाढते, हे दोन्ही सरकारांना पटले आहे. गंमत अशी की, ही यादी तुम्हा-आम्हाला मात्र पाहायला मिळत नाही. सरकार फक्त ती दिल्याचे जाहीर करते. एक वेळ तेही चालेल. पण सुरक्षिततेच्या अहवालांचे काय?

१९९५ सालची गोष्ट पाहा. तेव्हा डॉ. ए. गोपालकृष्णन हे अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेचा आढावा घेऊन एक अहवाल तयार केला आणि त्यात सुमारे १३० बाबींकडे लक्ष वेधले. तो अहवाल जनतेला मिळावा म्हणून मुंबई सर्वोदय मंडळ आणि पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे नकार मिळाला. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू मान्य केली. आधार होता १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे १८ वे कलम. अणुकेंद्रांची माहिती उघड करण्यावर बंदी घालण्याचा अधिकार ते कलम सरकारला देत होते.

न्यायालयाचा मान राखूनही मनात प्रश्न येतोच. बॉम्ब किती, ते कुठे ठेवले, पहारा कसा असतो, हे गुप्त राहिलेच पाहिजे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एखाद्या वीज केंद्रातली सुरक्षा यंत्रणा जुनी झाली आहे, ती बदलायला किती वर्षे लागणार, हे शेजारच्या गावाला कळले तर देश कसा दुबळा होतो? तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या आहेत. आसपास गावे आहेत, कोळीवाडे आहेत, बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्राचा पत्ता शेजारच्या देशाला अक्षांशासकट ठाऊक आणि त्यातल्या त्रुटी मात्र शेजारच्या घरालाही ठाऊक नाहीत, हा कुठला न्याय?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. पण झाकल्या मुठीत आळसही लपतो. ज्याची वही कोणी तपासत नाही तो विद्यार्थी गृहपाठ करीत नाही, हे मी छत्तीस वर्षे पाहिले आहे. १९८३ साली नियामक मंडळ स्थापन करताना त्याच्यावर किरणोत्सर्ग सुरक्षेचे धोरण तयार करण्याची जबाबदारी टाकली होती. २०१२ साली महालेखापरीक्षकांनी तपासले तेव्हाही ते धोरण तयार नव्हते! एकोणतीस वर्षे! हे शत्रूच्या हेराने शोधून काढले नाही. आपल्याच हिशेबतपासनीसाने दाखवले. आणि ते जाहीर झाल्याने देशाचे काही बिघडले नाही.

आता काळ बदलतो आहे. मंडळाचे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर वाचायला मिळतात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याच्या जागी ‘शांती’ कायदा आणला. त्याने नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला, ही चांगली गोष्ट. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडले. पण माहिती गोपनीय ठरवण्याचा अधिकार सरकारने याही कायद्यात स्वतःकडेच राखला आहे. उद्या एखाद्या कंपनीने खर्च वाचवायला दुरुस्ती लांबवली, तर ते झाकायलाही देशाच्या सुरक्षेचीच शाल वापरली जाईल का? ही भीती मला अनाठायी वाटत नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कुलपाची किल्ली सरकारने जरूर जपावी. पण कुलूप गंजले आहे का, हे घरात राहणाऱ्याला विचारता आले पाहिजे आणि त्याचे खरे उत्तर मिळाले पाहिजे. ज्या सरकारला वैऱ्याशी पस्तीस वेळा विश्वासाचा व्यवहार जमला, त्याला आपल्याच माणसांशी तो जमू नये, असे काही नाही.