‘डबा’ म्हणू नका, किलोमीटर सांगा

नवी मोटारसायकल घेतलेला पोरगा पेढे घेऊन येतो. आमच्या गॅरेजच्या कट्ट्यावर चारजण बसलेलेच असतात. गाडीचं नाव ऐकताच एकजण म्हणतो, “पैसे पाण्यात घातलास भावा.” दुसरा म्हणतो, “तिचं इंजिन लय तापतंय.” तिसऱ्याच्या मेहुण्याच्या मित्राची तीच गाडी आंबा घाटात बंद पडलेली असते. पेढा मात्र सगळेच खातात.

आठवड्याभरात तो पोरगा माझ्यापुढं उभा. “मिस्त्री, आवाज येतोय.” मी एक चक्कर मारून येतो. आवाज असतो नंबरप्लेटच्या सैल बोल्टचा. नाहीतर टॅपेटची बारीक टिकटिक, आणि ती थोडी असायलाच हवी. टॅपेट फार टाइट केले तर आवाज जातो, पण पुढं व्हॉल्व्ह जळतात. त्याला समजावून सांगितलं तरी त्याचा चेहरा काही खुलत नाही. गाडी धड असते, हौस तेवढी मेलेली असते.

कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज चालवतो म्हणून सांगतो, बरी चाललेली गाडी कुणाला बोलायला लावत नाही. तिचा मालक किक मारून कामाला जातो. बोलतो तो अडकलेला. माझ्या दारात तर आजारी गाड्याच येतात. त्यांच्यावरून निकाल द्यायचा म्हटलं तर जगात एकही गाडी घेण्याजोगी नाही. शिवाय एका गाडीचा कोन सेट लवकर गेला, तर ती गोष्ट दहा तोंडांतून फिरून दहा गाड्यांची होते.

पेट्रोलचंच घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यासाठी न बनवलेल्या दुचाकींचा ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. म्हणजे ५० देणारी गाडी ४८ च्या आसपास यावी. माझ्याकडं येणारे सांगतात, “निम्म्यावर आला.” कसा मोजला? काट्याकडं बघून! मी सांगतो, टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, गाडी फिरवा, पुन्हा फुल करा आणि मग भागाकार करा. बऱ्याचदा मागचा ब्रेक धरून बसलेला निघतो, टायरात हवा नसते, नाहीतर क्लच घसरत असतो. खापर इथेनॉलवर फोडलं की ब्रेक तसाच राहतो. आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतले रबरी भाग या पेट्रोलला किती टिकतील, हा खरा प्रश्न त्या गलक्यात कुणाला ऐकूच जात नाही.

माणसं उगाच कडवट होत नाहीत, हेही खरं. तक्रार घेऊन काउंटरवर गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, “सर, या मॉडेलला असतंच.” पन्नास हप्ते भरायचे असलेल्या माणसाचं डोकं यावर फिरणारच. म्हणून गप्प बसा, असं मी कुणाला सांगणार नाही. उलट तक्रार कराच, पण तिला दात असू द्या.

१ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडं सदोष वाहनं परत बोलावण्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार मालकाला सरकारी पोर्टलवर नोंदवता येते. त्या मॉडेलच्या तक्रारी विक्रीच्या ठरलेल्या प्रमाणापर्यंत गेल्या, तर सरकार चौकशी लावू शकतं, गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंडही करू शकतं. तिथं ‘गाडी डबा आहे’ याची किंमत शून्य. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल एन्फिल्डनं सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. दोष कंपनीच्याच चाचणीत सापडला होता, पण तो कसा सांगितला ते बघा : भाग इग्निशन कॉइल, गाड्या मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट, परिणाम इंजिन मिसफायर होणं. दोष असा नेमका सांगितला की दुरुस्त होतो.

मालकानंही तसंच सांगावं. कुठल्या महिन्यात बनलेली गाडी, किती किलोमीटरला त्रास सुरू झाला, इंजिन थंड असताना की तापल्यावर, डबल सीट की एकटे, काय बदललं. जॉब कार्ड जपून ठेवा, आवाजाचा व्हिडिओ काढा. पाच मालकांनी एकच दोष असा लिहून दिला, तर ‘असतंच’ म्हणणाऱ्यालाही खुर्चीतून उठावं लागेल.

आणि गाडी चांगली चालत असेल तर तेही बोला. ‘चाळीस हजार किलोमीटर झाले, ऑइल, ब्रेक शू आणि चेन सेट सोडून काही बदललं नाही,’ एवढं तरी त्या पेढेवाल्या पोराला कुणीतरी सांगायला हवं.