पोकरचे नियम आणि ऋतुपर्णाची गणना

वनपर्वातील नलोपाख्यान बहुतेकांना दमयंतीच्या निष्ठेसाठी आठवते. त्यातील बेहड्याच्या झाडाचा प्रसंग मात्र विस्मरणात जातो. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून त्या वृक्षाची पाने-फळे क्षणात गणतो आणि हीच गणनाविद्या, अक्षहृदय, नलाला देतो. पुढे बृहदश्व ऋषी तीच विद्या युधिष्ठिराला शिकवतात, सर्वस्व हरल्यानंतर!

पोकरकडे सुसंस्कृत घरांनी याच दृष्टीने पाहावयास हवे. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रचलित प्रकाराचे नियम अर्ध्या तासात समजतात. पाने तीच ५२. प्रत्येकाला दोन पाने गुप्त. पटावर सर्वांसाठी पाच, आधी तीन, मग एक, मग शेवटचे. बोलीच्या चार फेऱ्या. या सात पानांतून ज्याची पाच सरस, त्याचा डाव. किंवा बाकीचे सारे पाने टाकून मोकळे झाले, तर उरलेल्याचा.

गणपतीच्या जागरणात तीनपत्ती खेळणारा येथे हमखास चुकतो. तीनपत्तीत क्रमवार पाने एकाच रंगाच्या पानांहून श्रेष्ठ. पोकरमध्ये नेमके उलट. हा लहरीपणा नव्हे. तीन पानांत साधे क्रम ७२० आणि एकरंगी संच १,०९६. पाच पानांत मात्र क्रम १०,२०० आणि एकरंगी केवळ ५,१०८. जे दुर्मीळ, ते वरचढ.

हातात दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा. चार बदाम जमले असता उरलेल्या दोन पानांत पाचवे येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा निराशाच. पोकर हा बुद्धीचा खेळ, हा दावा अगदीच खोटा नाही. परंतु प्रत्येक डावातून अड्डेवाला आपला हिस्सा कापून घेतो. खेळाडूंनी परस्परांचे कितीही जिंकले, तरी सर्वांची मिळून बेरीज उणेच राहते. हा नियम जाहिरातीत कधी नव्हता.

संसदेने २०२५ साली कौशल्य की नशीब हा वाद बाजूस सारून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे उचितच झाले. तथापि मांडवीच्या पात्रातील कॅसिनो उभेच आहेत. पत्त्यांना पाप म्हणून झाकून ठेवणाऱ्या घरातील मुलगा ते तेथे, पैसे मोजून शिकेल. त्यापेक्षा घरी, वडिलांसमोर, चिंचोके लावून शिकलेला बरा. शंभर डावांचा हिशेब वहीत मांडावा, आणि प्रत्येक डावातून एक चिंचोका आईच्या डब्यात टाकावा. डबा किती लवकर भरतो, ते त्यालाच मोजू द्यावे.