डोळस आणि आंधळा यांच्या मध्यें

आमच्या व्यवहारांत माणसाच्या दृष्टीविषयीं दोनच कोठे आहेत: एक डोळसांचा, दुसरा आंधळ्यांचा. या दोहोंच्या मध्यें जो उभा आहे, ज्याला उत्तमांतला उत्तम चष्मा देऊनहि वर्तमानपत्रांतील मजकूर लागत नाहीं, पण दारांत आलेला मनुष्य दिसतो, त्याला आम्ही दोहोंपैकीं कोणत्या तरी कोठ्यांत कोंबतों. पहिल्यांत कोंबला तर तो आळशी ठरतो, दुसऱ्यांत कोंबला तर सोंगाड्या.

कायद्यानें ही चूक केव्हांच सुधारली आहे. १९९५ च्या कायद्यानें ‘अल्पदृष्टि’ ही निराळी कोटि मानली आणि २०१६ च्या कायद्यानें तिचें माप ठरविलें. उपचार व चष्मा यांनंतरहि चांगल्या डोळ्याची दृष्टि ६/१८ हून कमी व ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टीचें क्षेत्र ४० अंशांहून कमी होऊन १० अंशांपर्यंत आकसलें असेल, तर तो मनुष्य अल्पदृष्टि होय. ३/६० म्हणजे निरोगी डोळ्यास साठ मीटरांवरून दिसणारें अक्षर पाहण्यास याला तीन मीटरांवर यावें लागतें. हें आंधळेपण नव्हे. आणि सोंग तर नव्हेच नव्हे.

पण सोंगाचा संशय येतो तो अज्ञानामुळें. ज्याचें दृष्टिक्षेत्र आकसलें आहे तो बारीक अक्षर वाचील आणि पायरीवर ठेचकाळेल. ज्याच्या नेत्रपटलाचा मध्यभाग बिघडला आहे तो गर्दींतून नीट वाट काढील, पण समोरच्याचा चेहरा ओळखणार नाहीं. असा एखादा गृहस्थ कारंज्याच्या बसस्थानकावर उभा आहे असें समजा. गुरुमंदिरापासून येथवर तो एकटा चालत आला. आतां ‘ही गाडी अकोल्याची का हो?’ असें विचारतांच ‘समोर पाटी आहे, वाचतां येत नाहीं का?’ हें उत्तर मिळतें. प्रमाणपत्र असेल तर एस. टी.त त्याला भाड्यांत पाऊणपट सवलत आहे. गाडी कोणती, हें मात्र कळण्याची सोय नाहीं. सरकारनें तिकिट स्वस्त केलें आणि पाटी महाग ठेवली!

कोणी म्हणेल, आमच्या वऱ्हाडानें गुलाबराव महाराजांस प्रज्ञाचक्षु म्हणून मस्तकीं धरलें, आमच्यावर हा आरोप कां? महाराजांची दृष्टि तान्हेपणींच गेली. १९१५ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, देह ठेवण्यापूर्वीं त्यांनीं ग्रंथांची रास उभी केली. परंतु त्यांतून आम्ही काढलेला धडा उलटा आहे. ‘डोळ्यांवांचून कांहीं अडत नाहीं’ असें म्हणून आम्ही मोकळे झालों. महाराजांना वाचून दाखविणारे कंठ आणि त्यांचे शब्द टिपून घेणारे हात होते, हें आम्ही सोयिस्करपणें विसरलों. असामान्याची पूजा करून सामान्याची गरज टाळणें, ही आमची जुनी खोड आहे.

आणि गरज तरी केवढी? तिचें उत्तर कारंज्यांतच आहे. नृसिंहसरस्वतींच्या या जन्मस्थानीं गुरुचरित्राच्या बावन्न अध्यायांचें पारायण करणारा म्हातारा मोठ्या टाइपाची पोथी उघडतो, आणि त्याला कोणी हसत नाहीं. पोथी छापणाऱ्याला जें सुचलें तें औषधाची पट्टी, विजेचें बिल व शाळेची प्रश्नपत्रिका छापणाऱ्यांस कां सुचूं नये? आणि आम्हां मासिकवाल्यांस तरी? करड्या कागदावर फिकट शाईनें मुंगीएवढीं अक्षरें छापावयाचीं, आणि वाचक घटले म्हणून गळा काढावयाचा!

‘डोळ्यांस ताण देऊं नये, उरलेलीं दृष्टि जाईल,’ हा उपदेश तर घरोघर ऐकूं येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील शाळाहि असेंच मानीत. १९६४ सालीं नॅटली बरागा या बाईंनीं प्रयोगानें दाखविलें कीं, अल्पदृष्टि मुलांना उरलेल्या दृष्टीचा वापर शिकविला तर त्यांची पाहण्याची कुशलता वाढते. तरी आमच्याकडे पोराच्या हातचें पुस्तक काढून घेण्यांतच माया मानतात.

‘मोबाइल वाचून दाखवितो, आतां काय हवें?’ हा आक्षेप नवा आहे. मोबाइल उपयोगी आहेच. पण बाजारांत भाजी घेतांना प्रत्येक नोट यंत्रापुढें धरावयाची काय? शंभर, दोनशें व पांचशें या नव्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमें १४२, १४६ व १५०. चार मिलिमीटरांचा फरक घाईंत कोणत्या बोटांना कळेल? उठावाची खूण आहे खरी, पण ती हातोहात झिजते.

खर्चाची सबब तर ऐकूंच नये. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, पाटीवर गडद भूमीवर मोठें पांढरें अक्षर, वर्गांत पहिल्या बाकाची जागा, पांढरा भात वाढावयास रंगीत ताट: यांतलें कोणतें दरिद्री नगरपालिकेला, शाळेला वा गृहिणीला झेपणार नाहीं? उणीव पैशाची नाहीं. मधल्या माणसाला माणूस म्हणून मोजण्याची आहे. तो दया मागत नाहीं, अक्षर मागतो. तें मोठें करून द्या.